सुपारीचंसुद्धा व्यसन नाही

आई, आज रविवार. सकाळपासून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेय. गवार मोडायला घेतली होती, ती अर्धी तशीच पडलीय. बसले होते वेगळंच काही लिहायला, त्याच्या दोन ओळी झाल्या आणि हात थांबला, म्हणून तुला लिहितेय. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी हे कागद मी पाठवणार होते कुठं? पण डोकं इतकं तापलंय की कुणापुढं तरी बोलून मोकळं व्हायला पाहिजे, आणि ज्यावरून तापलंय ते आपल्या घरात तुझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. खरं सांगू का, माझ्या सगळ्या खात्यातही कुणाला कळत नाही. तिथं आम्ही प्रशिक्षणाला जातो, वहीपेन देतात, दुपारी गुलाबजाम असतात आणि संध्याकाळी सगळे आपापल्या गावाला परत. तू मात्र नुसत्या उष्ट्या ताटांवरून सांगायचीस.

सबजेलच्या जेवणाचा ठेका तुझ्याकडं होता तेव्हाचं म्हणतेय मी. तहसील कचेरीच्या आवारातली ती बुटकी दगडी इमारत, दाराशी गार्डवरचा पोलीस, आत दोन बराकी. आपल्या घरात पहाट उजाडायची ती भाकरी थापायच्या आवाजानं. मोठ्या पातेल्यात आमटी, टोपल्यात फडक्याखाली भाकरी, आणि जर्मनची ती ताटं. एका कैद्याला खरूज होती, दुसरे म्हणाले आम्ही ह्याच्या ताटात खाणार नाही, तेव्हा तू प्रत्येक ताटाच्या कडेला खिळ्यानं आकडे कोरलेस. एकदा आत आला की सुटेपर्यंत त्याचं ताट तेच. दुपारी ताटं माघारी यायची, आणि तू ती धुवायच्या आधी न्हाणीपाशी ओळीनं मांडून बघत बसायचीस. मला किळस यायची. मी तेव्हा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, मैत्रिणी घरी येतील आणि हा पसारा बघतील या धास्तीत असायची. तू म्हणायचीस, पहिल्याच दिवशी जो ताट पुसून खातो तो बांधाच्या भांडणातला, दोन दिवसात जामिनावर घरी जाईल. आणि ज्याचं ताट तीन दिवस तसंच माघारी येतं तो दारूचा. त्याला कसली चोरी नि कसलं काय, तो आत्ता आजारी आहे. त्याच्यासाठी तू वेगळं हुलग्याचं माडगं करून द्यायचीस, पातळ, मीठ थोडं जास्त घालून. चौथ्या दिवशी त्या ताटातली भाकरी संपलेली दिसली की तुझा जीव भांड्यात पडायचा.

सात नंबरच्या ताटाचा तो दिवस मला अजून दिसतो. तहसीलदार साहेब सबजेल तपासायला आलेत. तू पातेलं घेऊन फाटकाशी उभी आहेस, मी तुझ्यामागं टोपलं धरून. साहेब रजिस्टर बघून बाहेर पडतात आणि तू पदर खोचून सरळ पुढं होतेस. तुला कुणी विचारलेलं नाही. गार्ड तुला हातानं मागं सर म्हणतोय. तू म्हणतेस, "साहेब, सात नंबरचं ताट तीन दिस झालं तसंच माघारी येतंय. त्याला आज दवाखान्यात न्या, उद्या त्याला फेफरं यील." साहेब म्हणाले, बाई, तुम्ही जेवणाचं बघा. एवढ्यावर गप्प बसायचं ना तू? पण तुझं तोंड सुरूच. "कोंडून काय हुनार साहेब? इथनं सुटला की पयला गुत्त्यावर जानार, तिथनं चोरीला, आन तिथनं परत माज्या ताटाव. चौथी बारी हाय त्याची." मी तुझा पदर ओढत होते. लाजेनं मेल्यासारखं झालं होतं मला. घरी आल्यावर मी तुला वाट्टेल ते बोलले. स्वयंपाकीण आहेस, साहेबांना शिकवायला कोण तू, असं म्हणाले. हो, हेच शब्द. तू चुलीपुढं बसून ऐकून घेतलंस आणि मग एवढंच म्हणालीस, "मला दिसलं म्हनून बोलले. न दिसल्यावानी करायला मला जमत न्हाई." वर मला दम भरलास, की परत माणसांसमोर माझा पदर ओढायचा नाही.

साहेब घाबरले असावेत, कारण त्या माणसाला संध्याकाळी सरकारी दवाखान्यात हलवलं. आठवड्यानं आला तेव्हा एका वेळी पाच भाकरी खायला लागला. आणि सुटल्यावर दोन महिन्यांत परत आत, तुझ्या म्हणण्याप्रमाणं, कारण दारू त्याच्या अंगातून काढली तरी डोक्यातून कुणी काढलीच नव्हती. तुझा ठेका मात्र पुढच्या वर्षी दुसऱ्याला गेला. कुणी म्हणालं त्या बोलण्यामुळं, कुणी म्हणालं तसं काही नाही. तू त्यावर कधी शब्द काढला नाहीस, शाळेच्या बोर्डिंगात भाकरी भाजायला जायला लागलीस.

तर आता मी काय करते ते तुला नीट सांगते. तुझ्या हयातीत मी नोकरीला लागले तेव्हा तुला वाटायचं मी कोर्टात कारकून आहे. मी परिविक्षा अधिकारी. म्हणजे असं की, एखाद्यानं गुन्हा केला, कोर्टात तो शाबीत झाला किंवा त्यानं स्वतःच कबूल केला, की शिक्षा सुनवायच्या आधी न्यायाधीश मला विचारू शकतात. हा माणूस कसा आहे, घरी कोण आहे, याला जेलात न घालता बाँड लिहून घेऊन सोडला, माझ्या देखरेखीखाली ठेवला, दारूवर उपचार घ्यायची अट घातली, तर हा परत चोरी करायचा थांबेल का. मी त्याच्या गावात जाऊन चौकशी करते आणि अहवाल देते. कायदा जुना आहे, माझ्या जन्माच्या आधीचा. आणि चांगला आहे, कायद्याला नाव ठेवायला जागा नाही. तू फाटकाशी उभी राहून जे सांगत होतीस तेच त्यात लिहिलंय, फक्त अवघड शब्दांत. मला ऑर्डर आली तेव्हा तू मला गावातल्या चांभाराकडून जाड तळाच्या चपला करून आणून दिल्यास, आता तुला पायी हिंडायचंय म्हणून. आणि बजावलंस की चौकशीला जाशील तिथं पाणी पी, पण च्या पिऊ नकोस. मी कारण विचारलं तर म्हणालीस की एकदा च्या पोटात गेला की माणसाचं वाईट लिहवत नाही. मी हसले होते.

सत्तावीस वर्षं मी या जिल्ह्यात हिंडतेय. जिल्ह्याचं नावही आता बदललं, कागदावर अहिल्यानगर लिहितो आणि बोलताना जीभ नगरवरच जाते. अकोल्याच्या डोंगरात भंडारदऱ्यापर्यंत गेलेय, इकडं खर्ड्यापर्यंत. आणि सगळीकडं एकच गोष्ट. मी विचारते, ह्याला काही व्यसन? चावडीवरची माणसं एकमेकांकडं बघतात आणि एका सुरात सांगतात, "छ्या छ्या मॅडम, सुपारीचंसुद्धा व्यसन न्हाई." आठवतंय ना तुला हे वाक्य कुठलं? पोरीला स्थळ बघायला गेलं की मुलाच्या गावात गुपचूप चौकशी करतात, तेव्हाचं. गावातला कुठलाही माणूस, मुलाच्या घराशी त्याचं हाडवैर असेना का, पाहुण्यांना हेच सांगणार. कुणाचं घर बसत असेल तर आपण कशाला मोडता घाला. बाहेरचा माणूस वही घेऊन आला आणि गावातल्या पोराबद्दल विचारायला लागला की यांच्या तोंडून ते आपोआप बाहेर पडतं. मी काय स्थळ घेऊन आलेय? मला दारू आहे हेच लिहून पाहिजे, कारण दारू आहे म्हटल्याशिवाय दारूवरचा उपचार सांगता येत नाही. हे मी चावड्यांवर उभी राहून घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. माना डोलवतात, आणि जबाबाच्या खाली सही करताना तेच, निर्व्यसनी.

आता हा माणूस. खर्ड्याच्या अलीकडं एक गाव आहे, तिथला मोटारी भरणारा. म्हणजे विहिरीवरची मोटार जळली की आतली तार काढून नवी गुंडाळायची, ते काम. पंचक्रोशीत त्याच्यासारखा हात नाही. पण सकाळी पाव बाटली पोटात गेल्याशिवाय त्याला तार धरता येत नाही, बोटं थरथरतात. काम करायला दारू लागते, आणि दारूपायी काम जातं. मग कुणाच्या तरी विहिरीवरची केबल कापायची, रानात जाळून आतलं तांबं भंगारवाल्याला द्यायचं. आणि गंमत बघ, ज्याची केबल कापली तो शेतकरी दुसऱ्या दिवशी मोटार बघायला ह्यालाच बोलावतो, कारण दुसरं कोण आहे? तीन वर्षांमागं पहिल्यांदा पकडला गेला तेव्हा कोर्टानं माझा अहवाल मागवला. मी त्याच्या घरी गेले. पत्र्याचं घर, अंगण शेणानं सारवलेलं, एका बाजूला उघड्या मोटारी पडलेल्या. त्यानं मला बसायला खुर्ची दिली आणि बायकोनं चहा आणला. मी घेतला. तोही माझ्यासमोर चहा घ्यायला लागला आणि त्याच्या हातातली बशी कपाला लागून अशी वाजत होती की मला मान वर करून बघावंच लागलं नाही. मला कळलं, आई. तुझ्या पोटची आहे मी, मला नाही कळणार? वास तर अंगणातच आला होता.

निघताना बायको मला गोठ्याकडं घेऊन गेली. तिची पोरगी तेव्हा बारावीला होती. बायको म्हणाली, "बाई, चोर म्हना, फसलेला म्हना, पर दारुडा तेवढं लिवू नगा. सरकारी कागद हाय, पोरीच्या आडवा यील." बाप चोर आहे हे लोक पोटासाठी केलं म्हणून पोटात घालतात. बाप दारुडा आहे म्हटलं की स्थळ उंबऱ्यावरूनच मागं फिरतं. तिचं काही चुकत नव्हतं. मी तिच्याकडं बघितलं, त्या पोरीकडं बघितलं, आणि ऑफिसात येऊन रकान्यात लिहिलं, निर्व्यसनी. गरिबीमुळं घडलेला पहिलाच गुन्हा, वर्तन चांगलं, बाँडवर सोडावं. सुटला तो. मला किती बरं वाटलं होतं तेव्हा! आपण एका घराचं भलं केलं म्हणून चार दिवस मी हवेत होते. उपचाराची अट नाही, कारण आजारच कागदावर नाही. वर्षभर महिन्यातून एकदा माझ्याकडं सही करायला यायचा, अंघोळ करून, तोंडात वेलदोडा ठेवून. मीही विचारत नव्हते.

यंदा परत तेच. पुन्हा केबल. पकडला, जामिनावर सुटला, कोर्टात उभा राहून गुन्हा कबूल केला. न्यायाधीश मॅडम नव्या आलेल्या, वयानं तिशीच्या, हुशार, मनानं चांगल्या. त्यांनी अहवाल मागवला. मी ठरवलं की या वेळी नीट करायचं. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांशी बोलले, ते म्हणाले दहा दिवस भरती करून घेतो, मग गोळ्या, मग दर आठवड्याला दाखवायचं. व्यसनमुक्ती केंद्रात एक खाट धरून ठेवली. दर सोमवारी तो मला भेटणार, त्याची मोटारी भरायची जागा गावातल्या दुकानात, चार माणसांच्या डोळ्यासमोर. सगळं जुळवलं. फक्त गावानं एकदा म्हणायचं होतं की हा दारू पितो. पोलीस पाटील म्हणाले, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. सरपंच म्हणाले, माळकरी माणसासारखा आहे. मग मी फिर्यादीकडं गेले, ज्याची केबल गेली त्याच्याकडं. म्हटलं हा तरी खरं बोलेल. तो म्हणाला, "चोर हाय मॅडम, पर प्यायचं नाव न्हाई. आन त्याला आत जाऊ दिऊ नगा, कांद्याला पानी द्यायचंय, दोन मोटारी जळल्यात." मी त्याच्या बांधावर कपाळाला हात लावून बसले. गावातल्या सगळ्यांना वाटत होतं की दारू म्हटलं की शिक्षा वाढेल. मी सांगितलं की उलट आहे, दारू म्हटलं तर सुटेल. ते माझ्याकडं असं बघायला लागले की मी त्यांना फसवून काहीतरी काढून घेतेय. सगळ्यांत खरं बोलला तो स्वतः. माझ्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आला आणि म्हणाला, "आत टाका न्हाईतर भाईर ठेवा मॅडम, पर ह्ये हात थांबवा. मी लई बारी सोडून बघितली." ते मी अहवालात लिहिलं, त्याच्याच शब्दांत.

कोर्टात सरकारी वकील उठले आणि म्हणाले की आरोपी शिक्षा चुकवण्यासाठी आजाराचं सोंग घेतोय, गावातले पाच जबाब निर्व्यसनी सांगतात. तिथपर्यंत ठीक होतं, त्याला माझ्याकडं उत्तर होतं. मग न्यायाधीश मॅडमनी जुनी फाईल उघडली. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, तेही रागानं नाही, समजून घ्यायच्या सुरात, "मॅडम, तीन वर्षांपूर्वीच्या अहवालात तुम्हीच निर्व्यसनी लिहिलंय. मग हे व्यसन नंतर लागलं का?"

आई, कोर्टात पंखा फिरत होता, कारकून काहीतरी टाईप करत होता, तो पिंजऱ्यात हात मागं धरून उभा होता, कारण पुढं धरले असते तर थरथरलेले दिसले असते. मी म्हणाले, "तसं असावं, मॅडम." दोन शब्द आणि वर एक मॅडम. मॅडमनी मान हलवली. त्यांचं पुढचं सगळं त्यातूनच सरळ निघालं. म्हणजे कोर्टानं एकदा विश्वास ठेवून सोडलं, आणि सोडल्यावर यानं दारूची सवय लावून घेतली, पुन्हा चोरी केली, दिलेली संधी वाया घालवली. अशाला परत सोडलं तर लोक काय म्हणतील? सहा महिने. मी त्यांना काय दोष देऊ, माझ्या उत्तरावरून दुसरं काय निघणार होतं?

त्याला दोन-तीन दिवस आपल्याच सबजेलला ठेवलं, मोठ्या जेलात पाठवायच्या आधी. मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. फाटक तेच आहे, वर नवा रंग. गार्डवरच्या हवालदाराला म्हटलं, काल आणलेला तो माणूस जेवतोय का बघा, जेवत नसेल तर डॉक्टरला बोलवा, त्याची दारू एकदम तुटलीय. हवालदार वाईट माणूस नव्हता. म्हणाला, मॅडम, जेवण आता पाकिटात येतं, उरलेलं तिथंच कचऱ्यात टाकतात, कोण जेवला कोण नाही ते मी कुठं बघत बसू? ताटं माघारी जातच नाहीत आता. मी कचऱ्याच्या डब्याकडं बघत उभी राहिले. मग कार्ड ठेवून निघून आले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला फेफरं आलं. पडला, जीभ दाताखाली सापडली, कपाळ फरशीला लागलं. दवाखान्यात नेला, वाचला. टाके घालून, बरा म्हणून, मोठ्या जेलात पाठवला. तिथं तो सहा महिने दारूशिवाय राहील आणि गाव म्हणेल बघा, जेलनं सुधारला. आणि बाहेर आल्यावर कुणाची तरी केबल जाईल. हे सांगायला मला कसलं प्रशिक्षण लागत नाही. चिडते मी, आई, इतकी चिडते की ऑफिसात आता लोक माझ्यापुढं चहाचं नाव काढत नाहीत. गावावर चिडते, सरकारी वकिलावर चिडते, त्या रकान्यावर चिडते ज्यात व्यसन लिहायला दोन इंच जागा आहे.

त्याची बायको पंधरा दिवसांनी माझ्या ऑफिसात आली. बरोबर ती पोरगी, आता मोठी, नर्सिंगला जाते. मला वाटलं शिव्या द्यायला आली असेल. पिशवीतून पाण्याची बाटली काढून ती घोटभर प्याली आणि म्हणाली, "आता लिवा बाई. ही म्हनती लिवा, लग्न न्हाई झालं तरी चालंल. तेवीस वर्सं पितोय त्यो. हिच्या जल्माच्याबी आधीपासनं." मग पोरगी म्हणाली, माझी सही पण घ्या. मी दोघींचा जबाब घेतला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा घरच्या कुणी तरी त्या रकान्यात खरं सांगितलं होतं.

त्याला विधी सेवेतून मिळालेला वकील तरणा आहे, धडपड्या. तो म्हणाला, आपण वरच्या कोर्टात अपील करू, हे जबाब आहेत, डॉक्टरांचा कागद आहे, फक्त एक गोष्ट पाहिजे. तुमचं प्रतिज्ञापत्र, की तीन वर्षांपूर्वीचा अहवाल चुकीचा होता, व्यसन तेव्हाही होतं आणि तुम्हाला ते माहीत होतं. त्याशिवाय ते उत्तर खोडता येत नाही. अपिलाची मुदत तीस दिवस. मी म्हटलं देते. खरंच देणार होते. मग आमच्या साहेबांना विचारायला गेले, तिथंच चुकलं. ते म्हणाले, मॅडम, निवृत्तीला चार वर्षं राहिलीत, स्वतःच्या हातानं चौकशी कशाला मागं लावून घेता? एकदा तुम्ही म्हणालात की जाणूनबुजून खोटा अहवाल दिला, की तुमचे सगळे जुने अहवाल उघडतील. आणि मी तशीच उठून माघारी आले, कारण ते उघडले तर काय निघेल ते मला ठाऊक आहे. तो एकच का होता? किती बायकांनी मला गोठ्याकडं नेलंय, किती अंगणांत मी चहा प्यालेय. मी गावाला नावं ठेवत सत्तावीस वर्षं हिंडले आणि सगळ्यांत जास्त वेळा ते वाक्य माझ्याच अक्षरात आहे. तुझं काय गं, तुला गमवायला नुसता एक ठेका होता, असं मी परवा मनातल्या मनात तुला म्हणाले. आणि मग लाज वाटली, कारण आपल्याकडं त्या ठेक्याशिवाय तेव्हा दुसरं होतंच काय.

मुदत शुक्रवारी संपली. वकील म्हणतो, अजून पूर्ण हातचं गेलं नाही, उशीर माफ करण्याचा अर्ज देता येतो, फक्त उशीर का झाला ते खरं खरं लिहावं लागतं. सकाळपासून मी तेच लिहायला बसलेय. ते होत नाही म्हणून तुला एवढं सगळं लिहिलं, आणि हे मी घडी घालून ठेवीन, कुणाला दाखवणार नाही. शुक्रवारी अकरा वाजता तो प्रतिज्ञापत्र टाईप करून माझ्या ऑफिसात आला होता, ती बाई आणि तिची पोरगी पण आल्या होत्या, पोरगी कॉलेज बुडवून. तिघं संध्याकाळी ऑफिस बंद होईपर्यंत माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसून होते, असं शिपायानं सांगितलं. मी रजेवर होते. ताप आलाय असा अर्ज सकाळीच पाठवला होता. इथंच होते घरात, फोन वाजला की पालथा घालत होते. ताप नव्हता, आई.